पहिला गिअर कशासाठी?

स्पर्धेसाठी बनवलेले यंत्रमानव नागपुरातल्या अभियांत्रिकी प्रदर्शनांत आम्ही आवडीने पाहतो. त्यांपैकी काहींच्या चाकांना दोन वेगांची गिअरपेटी जोडलेली असते. काम सुबक असते. माहिती विचारली की उत्तर मात्र ठरलेले: पहिला गिअर ताकदीसाठी, दुसरा वेगासाठी. या उत्तराच्या पूर्वार्धाशी आमचे भांडण आहे.

सायकलने सेमिनरी हिल्स चढणाऱ्याला ते लागू पडते. तिथे कमी पडतात ते पाय. टायर काही घसरत नाही. यंत्रमानवाचे बहुधा उलटे असते. हिशेबच करू. वजन ५० किलो, चाकांचा व्यास १० सेंमी, सर्व चाके मोटरने फिरणारी आणि घर्षण गुणांक १ धरला, तर जमिनीवर जास्तीत जास्त सुमारे ४९० न्यूटन जोर लावता येईल. त्यापुढे चाके जागच्या जागी फिरतील. आता मोटर. अमेरिकेत १९९२ साली सुरू झालेल्या फर्स्ट स्पर्धेत अनेक वर्षे वापरली गेलेली सिम मोटर अडवून धरली, तर सुमारे २.४ न्यूटन-मीटर टॉर्क देते. अशा चार मोटरी लावून वेग सातपट कमी केला, तर गिअरमधली तूट सोडता चाकाच्या कडेशी १३०० न्यूटनांहून अधिक जोर येतो. वीसपट कमी केला, तर ३८०० न्यूटनांहून अधिक. दोन्ही आकडे ४९०च्या कितीतरी वर! म्हणजे ढकलण्याची ताकद दोन्ही गिअरमध्ये सारखीच, कारण ती जमीन ठरवते.

मग पहिला गिअर निरुपयोगी का? नाही. चाके घसरायच्या बेताला आली असता सातपटीच्या गिअरमध्ये प्रत्येक मोटर सुमारे ४९ अँपिअर प्रवाह ओढते, वीसपटीच्या गिअरमध्ये सुमारे १७. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फरक आठपटींचा! पहिला गिअर मोटर आणि बॅटरी वाचवतो. त्याचे खरे काम हे. फर्स्ट स्पर्धेत यंत्रे एकमेकांना अडवतात, रेटतात, म्हणून तिथे ते मोलाचे ठरते. २००८ साली पुण्यात झालेल्या आशिया-पॅसिफिक रोबोकॉनचा विषय दहीहंडीवर बेतलेला होता. अशा खेळात कस लागतो तो नेमक्या जागी पोचण्याचा आणि उंचावर हात नेण्याचा. तिथे रेटारेटीसाठी जन्मलेली पेटी उसनी आणण्यात काय हशील? एकच प्रमाण विचारपूर्वक निवडणे पुष्कळदा पुरते, पण त्याला प्रदर्शनात कोणी टाळ्या वाजवत नाही.

पेटी हवीच असेल, तर वजनाचा हिशेब प्रामाणिक असावा. गिअर बदलायला हवेचा सिलिंडर बसवला, तर कॉम्प्रेसर, टाकी आणि झडपा यांचे वजनही पेटीच्याच खाती मांडायला हवे. वजन घटवण्यासाठी विद्यार्थी चक्रांना गोल भोके पाडतात. ती शोभतात आणि थोडा उपयोगही होतो. पण सगळी दंतचक्रे एकाच जाडीची ठेवलेली असतात, हे आम्हाला खटकते. मोटरलगतच्या चक्रावर टॉर्क कमी, म्हणून त्याच्या दातांवरचा जोरही कमी. ते चक्र पातळ चालते. टप्प्याटप्प्याने वेग उतरतो तसा टॉर्क चढतो, आणि चाकालगतचे शेवटचे चक्र सर्वांत रुंद लागते. पेटी उघडी ठेवलेली असेल, तर ही जाडी विद्यार्थ्यांना फूटपट्टीने मोजायला सांगावी.