ढिगाचे माप आणि तळाचा अजमास

मराठीत मोजणे आणि मापणे ही क्रियापदे सरसकट पर्यायी नाहीत. नाणी मोजावयाची, धान्य मापावयाचे. या दोहोंखेरीज अजमास हा तिसरा शब्द आहे. तो मापाहून हलका खरा, परंतु अप्रामाणिक नव्हे. कारण आपण कोण आहोत हे तो स्वतःच सांगतो. ड्रोनने घेतलेल्या छायाचित्रांवरून खनिजाच्या वा खडीच्या ढिगांचे घनफळ काढणाऱ्या संगणकप्रणालींच्या प्रतिवृत्तांत नेमका हाच शब्द टाळला जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तंत्राविषयी तक्रार नाही. एकमेकांवर पुरेशी चढणारी छायाचित्रे, जमिनीवर आधी निश्चित केलेले नियंत्रणबिंदू आणि सरळ खाली रोखलेल्या चित्रांच्या जोडीस काही तिरपी चित्रे, एवढे सांभाळले तर ढिगाचा पृष्ठभाग काही सेंटिमीटरांच्या आत हाती येतो. फीत घेऊन ढिगावर चढणाऱ्यास हे साधणे कठीण. परंतु घनफळ म्हणजे पृष्ठभाग नव्हे. पृष्ठभाग आणि तळ यांमधील अवकाश होय. आणि भरलेल्या ढिगाचा तळ कोणत्याच छायाचित्रात नसतो. तो प्रणाली कल्पिते. ‘पिक्सफोरडी’ या प्रणालीत काठावरचे बिंदू त्रिकोणांनी जोडावेत, की काठाची सरासरी पातळी धरावी, की सर्वांत खालची, की सर्वांत वरची, असा विकल्प वापरणाऱ्यापुढे असतो. ढीग एक, छायाचित्रे तीच, आणि उत्तरे चार!

हा भेद किरकोळ नाही. तळाचे क्षेत्र 2,000 चौरस मीटर असून कल्पिलेल्या दोन पातळ्यांत 30 सेंटिमीटरांचे अंतर पडले, तर घनफळात 600 घनमीटरांचा फरक येतो. आपल्याकडील खडीवाल्यांच्या भाषेत (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) तो सुमारे 212 ब्रास होतो. तरीही प्रतिवृत्तात आकडा दशांश चिन्हापुढे दोन स्थळांपर्यंत छापलेला, आणि त्यावर विशेषण ‘अचूक’! आकड्याची बारीकी आणि आकड्याचा खरेपणा या दोन्ही गोष्टी त्या एकाच विशेषणात कोंबल्या जातात. हा दोष गणिताचा नाही, शब्दयोजनेचा आहे.

ढीग रचण्यापूर्वी रिकाम्या जागेची पाहणी केली असेल, तर तळही मापलेला ठरतो व वरील आक्षेप बव्हंशी गळून पडतो. पण अशी सोय सर्वत्र नसते. गोव्यात सर्वोच्च न्यायालयाने 5 ऑक्टोबर 2012 रोजी लोहखनिजाचे उत्खनन थांबविले आणि पुढे काढून ठेवलेल्या खनिजाची मोजदाद करून ई-लिलावाने विक्री करण्याचा आदेश दिला. अशा प्रसंगी ढिगाखालची मूळ जमीन पाहावयास कोणी मागे जाऊ शकत नाही. शिवाय विक्री टनांनी होते. घनमीटराचा टन करताना घनता 2.2 ऐवजी 2.4 धरली, तर नऊ टक्के माल कागदावरच वाढतो. म्हणून प्रतिवृत्तात घनफळाशेजारी तळ मापलेला की गृहीत, आणि घनता तोलून काढलेली की मानलेली, हे दोन रकाने असावेत. ते नसतील तेथे शीर्षकात ‘माप’ऐवजी ‘अजमास’ लिहावे.