वणव्याच्या पुस्तकातला पाऊस

जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं, तेव्हा तुमच्यापैकी कितीतरी जणांनी तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला असेल. धूर आला होता क्युबेकच्या वणव्यांतून. उत्तरेत एवढं का पेटतंय, असं विचारलं की लोक जॉन व्हेलंटचं ‘फायर वेदर’ सुचवतात. वाचाच. मे २०१६ मध्ये अल्बर्टातलं फोर्ट मॅकमरे कसं पेटलं, सुमारे ८८ हजार माणसं एकाच हमरस्त्याने कशी निघाली, हे वाचताना पुस्तक खाली ठेववत नाही. तेलावर जगणारं गाव, आणि त्याच तेलापासून बनलेल्या वस्तूंनी भरलेली, भराभर जळणारी घरं. हा भाग जबरदस्त आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. व्हेलंटची आग म्हणजे एक श्वापद. श्वापद म्हटलं की डोळे ज्वाळांवर खिळतात, जमीन दिसेनाशी होते. आणि उत्तरेतल्या वणव्याची अर्धी गोष्ट तर जमिनीतच आहे. पाऊस किती पडला, एवढंच पुरत नाही. तो कुठल्या थरापर्यंत मुरला?

कॅनडात वणव्याचा धोका मोजतात तो असाच. वरचा पालापाचोळा, त्याखालचा अर्धवट कुजलेला थर आणि सगळ्यात खालचा घट्ट थर, तिन्हींच्या ओलीचा हिशेब वेगळा. वरचा थर दिवसाभरात सुकतो, खालच्याला पन्नासेक दिवस लागतात. उलट, जवळपास तीन मिलिमीटरच्या आतला पाऊस खालच्या थरासाठी धरतच नाहीत. फोनवर आई विचारते ना, “अरे, पण पाऊस पडला ना तिकडे?” तिला हे सांगा.

त्यात तापमान वाढलं की हवा जास्त ओल शोषते. माइक फ्लॅनिगन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये याचा हिशेब मांडला: एका अंशाची वाढ भरून काढायला, वरच्या थरापुरतं बोलायचं तर, १५ टक्क्यांहून जास्त पाऊस लागतो. म्हणजे पाऊस थोडा वाढूनही वणवे वाढू शकतात. (मान्सूनवर पोसलेल्या डोक्याला हे पचायला वेळ लागतो.)

फोर्ट मॅकमरेची आग विझल्याचं जाहीर झालं ते ऑगस्ट २०१७ मध्ये. मधला हिवाळा तिने बर्फाखाली, मातीत धुमसत काढला. श्वापदाची उपमा इथे लंगडी पडते, आणि नेमकी इथेच मला पुस्तकाची आणखी पन्नास पानं हवी होती.