कापसाचा मनोरा

मुक्ताईनगरच्या कापूसपट्ट्यात वाढलेल्या माणसाने मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरकडे कसे पाहावे? या मनोऱ्याचे वर्णन नेहमी उंचीपासून सुरू होते: २८० फूट, गॉथिक धाटणी, आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, बांधकाम १८६९ ते १८७८. मला त्यामागच्या पैशाची वाट जास्त बोलकी वाटते. देणगीदार प्रेमचंद रायचंद कापसाच्या व्यापारातले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा माल तुटला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेश तेव्हाही कापूस पिकवत होता. त्या दगडात आमच्या काळ्या मातीचा काही वाटा आहे, असे म्हटले तर ती निव्वळ बढाई ठरू नये. १८६५ मध्ये तेजी कोसळली, प्रेमचंदही बुडाले. मनोरा मात्र उभा राहिला.

उभा राहिला तो कोणासाठी? १८५७ चे हे विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर परीक्षा घेई. शिकवणे महाविद्यालयांत चाले. त्यामुळे मनोऱ्याखाली वर्ग नव्हते, ग्रंथालय होते. विद्यार्थी वाचायला येई आणि जाई. वर मात्र पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांचे पुतळे कोरले आहेत. कारागिरी उत्तम, पण मला ते खटकतात. माणसे नमुने म्हणून इतक्या उंचावर बसवली की खालून चेहरा दिसत नाही.

नावाचेही तसेच. राजाबाई म्हणजे प्रेमचंदांच्या आई. स्त्रीचे नाव मनोऱ्याला लागले तेव्हा पदवीचे दार स्त्रियांना बंदच होते. ते उघडले १८८३ मध्ये.

आमच्या जळगावच्या विद्यापीठात क्रम उलटा लागला. स्थापना १९९० ची. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींचे नाव २०१८ मध्ये दिले गेले. मुली वर्गात आधीच होत्या, पाटीवरचे नाव नंतर आले. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती तिचे नाव विद्यापीठाला देण्यात गौरव आहे तसा थोडा संकोचही असायला हवा, पण आम्ही समारंभात तो विसरलो.

भाचीचे पदवीपत्र घरी आले तेव्हा तिच्या आजीने ते हातात घेतले. ती शाळेत कधी गेली नाही. म्हणाली, “बहिणाबाई कुठं लिहिलंय, दाखव बरं.” भाचीने तिचे बोट धरून त्या ओळीवर ठेवले.