अर्धगोड लाल वाइन कुठल्या ताटात बसते?

मंडळी, आज आपण रोमानियातल्या अशा एका वाइनकडे वळू, जिचं नाव निघालं की जाणकार हलकंसं नाक मुरडतात. फेतेआस्का नेआग्रा या काळ्या द्राक्षाची अर्धगोड लाल वाइन. नावाचा अर्थ 'काळी कुमारिका'. द्राक्ष तिकडचंच, जुन्या मोल्दोव्हा प्रांतातलं. आता देआलू मारेच्या टेकड्यांवरही त्याचे मळे आहेत.

आधी लेबल बघू. सेक म्हणजे कोरडी, मग देमिसेक, मग देमिदुल्चे, शेवटी दुल्चे म्हणजे गोड. आपली वाइन देमिदुल्चे. या शब्दात लिटरमागे साधारण 12 ते 45 ग्रॅम साखर बसते. केवढी मोठी मोकळीक बघा! 15 ग्रॅमची बाटली आणि 40 ग्रॅमची बाटली, शब्द एकच. आणि मागच्या बाजूला बहुतेकदा सल्लाही एकच : लाल मांस, चीज, गोड पदार्थ. 'अनुरूप स्थळ हवे' या जाहिरातीसारखा, कुणालाही लागू. (हशा.) आमचा आक्षेप या सल्ल्यावर आहे.

नाक मुरडण्याला कारण आहे, ते नाकारायला नको. आंबवण मध्येच थांबवतात, म्हणजे गार करून यीस्ट गाळून टाकतात, आणि द्राक्षाची साखर वाइनमध्ये राहते. ही साखर कच्च्या द्राक्षाचा तुरटपणा झाकू शकते. शिवाय 1989 नंतर तिथल्या खासगी वाइनरींनी नाव कमावलं ते कोरड्या फेतेआस्कावर, त्यामुळे गोडसर वाइन म्हणजे मागासलेपण असा समज पक्का झाला. हा समज आम्हाला मान्य नाही. दोष साखरेचा नसतो, आंबटपणा कमी पडण्याचा असतो. लिंबाच्या गोड लोणच्यात गूळ कितीही घाला, लिंबू जागं असेल तर त्याचा पाक होत नाही. तसंच हे.

आता गोड पदार्थ. पापानाश म्हणजे ताज्या चीजचे तळलेले गोळे, वर आंबट साय आणि मुरंबा. त्याच्याबरोबर ही वाइन घेतली तर? जिलेबीवर चहा घेतल्यासारखं. पदार्थ वाइनपेक्षा गोड, त्यामुळे वाइनची गोडी नाहीशी होते आणि जिभेवर आंबट-तुरट तेवढं उरतं. अक्रोडाचं सारण भरलेल्या कोझोनाक या सणाच्या गोड पावाबरोबरही तेच. साध्या भाजलेल्या गोमांसाबरोबर उलट अडचण : तिथे साखरेला धरायला काही नाही, ती चिकट लागते.

मग हिचं घर कुठलं? सारमाले. खारवून आंबवलेल्या कोबीच्या पानात डुकराचा खिमा आणि तांदूळ गुंडाळायचा, भांड्यात धुरवलेलं मांस घालायचं, आणि मंद आचेवर तासन् तास शिजू द्यायचं. शेजारी मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि आंबट साय. आता नीट बघा, ताटात आंबट आहे, खारट आहे, धूर आहे, चरबी आहे. नाही ते गोड. ती जागा वाइन घेते. फेतेआस्काला सुकवलेल्या आलुबुखारसारखा वास असतो, तो धुराशी छान जुळतो. पण इथेही कमी साखरेचीच बाटली हवी. चाळिशीकडे झुकलेली वाइन कोबीला दाबून टाकते. मेंढीच्या दुधाचं मुरलेलं खारट चीज असेल तर मात्र गोडीकडे झुकलेली बाटलीही चालते, आमच्या मते ती जोडी सगळ्यात सरस.

आता तिखटाचं. कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगून टाकतो. साखर तिखटाची धार बोथट करते, अल्कोहोल आणि तुरटपणा ती वाढवतात. म्हणून लेबलवरचा अल्कोहोलचा आकडाही बघून घ्या. आणि बाटली उघडण्याआधी फ्रिजमध्ये ठेवा, 14-16 अंशांवर प्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टेबलावर तशीच राहिली तर तिचं सरबत होतं.