मातेचे वचन आणि बुडती भूमी

काव्याने लोकजागृतीचे कार्य पत्करले की त्याचे काव्यपण उणावते, असा आक्षेप आपल्याकडे वारंवार घेतला जातो. मार्शल बेटांच्या कवयित्री कॅथी जेटनिल-किजिनर यांची 'प्रिय मातफेले पेनाम' ही इंग्रजी कविता या आक्षेपाच्या संदर्भात तपासून पाहण्याजोगी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्क येथील हवामान-परिषदेत, २३ सप्टेंबर २०१४ रोजी, राष्ट्रप्रमुखांसमक्ष त्यांनी ती स्वतः म्हणून दाखविली.

कवितेची बैठक अगदी घरगुती आहे. बेटाला बिलगलेले ते प्रवाळवेष्टित शांत पाणी एके दिवशी आपल्याला गिळून टाकील असे लोक म्हणतात. परंतु तसे आम्ही होऊ देणार नाही, कोणालाही मायभूमी सोडावी लागणार नाही, असे वचन आई आपल्या सात महिन्यांच्या लेकीला देते. आपल्या पाळण्यांतील माता बाळासाठी पराक्रम आणि कीर्ती चिंतितात. या मातेचे मागणे एवढेच की, बाळाला जन्मभूमीत राहता यावे.

हा केवळ भाबडा हट्ट आहे काय? या बेटांचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे, ते तसे म्हणणार नाहीत. अणुचाचण्यांसाठी अमेरिकेने मार्च १९४६ मध्ये बिकिनीच्या १६७ रहिवाशांना, मानवजातीच्या कल्याणाचे कारण सांगून, राँगेरिक येथे हलविले. तेथे त्यांची उपासमार झाली. १९४८ मध्ये त्यांस किली बेटावर वसविण्यात आले. पण किलीला बिकिनीसारखे आतले शांत पाणी नाही, आणि समुद्र खवळला की तेथे होडीही लागत नाही. घर मिळाले, परंतु पिढ्यान्‌पिढ्यांचा मासेमारीचा व्यवसाय हरपला. ज्या पुनर्वसनाच्या हिशेबात केवळ छपरे मोजली जातात, त्याची ही फलश्रुती होय.

कवितेत एक दोष आहे, तो सांगितलाच पाहिजे. उत्तरार्धात मोर्चे, फलक आणि घोषणा यांची जी मालिका येते, तिला सभेतील वक्तृत्वाची लकब लागली आहे. तेथे आई मागे सरते आणि वक्ता पुढे येतो. परंतु या दोषाची भरपाई करणारे एक स्थळ तत्पूर्वीच येऊन गेलेले असते. कोणीही निर्वासित होणार नाही, असे म्हणता म्हणता कवयित्री थबकते, 'यापुढे आणखी कोणी नाही' अशी दुरुस्ती करते, आणि पापुआ न्यू गिनीतील कार्टरेट व सॉलोमन बेटांतील तारो येथील लोकांची क्षमा मागते. वचन उच्चारतानाच ते इतरांच्या बाबतीत मोडलेले आहे, ही जाणीव या एका वळणात प्रकट झाली आहे. प्रचारकाला असे थबकणे परवडत नाही. कवीलाच ते साधते.

मार्शल बेटांची उंची समुद्रसपाटीपासून सरासरी सुमारे २ मीटर आहे. तेव्हा हे वचन पाळणे एकट्या मातेच्या हाती नाही, हे उघड आहे; ज्यांच्या हाती आहे, ते त्या सभागृहात श्रोते म्हणून बसले होते. संबोधन बाळाला आहे, पण ऋण त्या श्रोत्यांच्या माथी चढते. कवितेची रचना या एकाच युक्तीवर उभी आहे, आणि ती युक्ती काव्याची आहे, चळवळीची नव्हे. काव्याने आपला धर्म न सोडताही लोककार्य करता येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण अलीकडे आमच्या पाहण्यात नाही.