साच्यातील साचा आणि मराठीचे सामान्यरूप

संगणकावरील पृष्ठे रचण्यासाठी ज्या चौकटी प्रचारात आहेत, त्यांपैकी २००५ साली प्रसिद्ध झालेली ‘जँगो’ ही एक होय. तीत एका साच्यात दुसरा साचा समाविष्ट करण्याची सोय ‘इन्क्लूड’ ह्या आज्ञेने केली आहे. शीर्षभाग वा सूचना एकदाच लिहावी आणि हवी तेथे योजावी, हा तिचा हेतू. ह्याने श्रम वाचतात व सुधारणा एकाच ठिकाणी करता येते, हे निर्विवाद आहे.

परंतु ह्या सोयीमागे भाषेविषयीचे एक गृहीतक दडलेले आहे. समाविष्ट साचा आधी स्वतंत्रपणे सिद्ध होतो व मग तयार मजकूर म्हणून बाहेरच्या साच्यात बसतो. शेजारच्या शब्दाने त्याच्या रूपात बदल होत नाही. मराठीत मात्र विभक्तिप्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. गावाचे नाव छापणारा लहान साचा घेऊन त्यापुढे ‘त’ हा प्रत्यय जोडला, तर ‘साक्रीत’ हे रूप निर्दोष उतरते. परंतु ‘धुळेत’, ‘चोपडात’, ‘शिरपूरत’ ही रूपे खानदेशात कोणाच्याही तोंडी नाहीत. तेथे ‘धुळ्यात’, ‘चोपड्यात’, ‘शिरपुरात’ असेच म्हटले जाते. ‘धुळे मध्ये’ असे तोडून लिहिल्यानेही दोष टळत नाही. कारण शब्दयोगी अव्ययापूर्वीही सामान्यरूप होऊन ‘धुळ्यामध्ये’ असेच रूप सिद्ध होते.

प्रत्येक नामाबरोबर त्याचे सामान्यरूपही नोंदवावे, हा उपाय सुचतो. ‘जळगावा’, ‘धुळ्या’, ‘शिरपुरा’ ह्यांपुढे ‘त’ लावल्यास काम भागते. तथापि ‘ला’ प्रत्ययापुढे हा नियम लंगडा पडतो: ‘धुळ्याला’ रूढ आहे, पण ‘जळगावाला’ ह्यापेक्षा ‘जळगावला’ हेच अधिक रूढ. म्हणजे एकच सामान्यरूप सर्व प्रत्ययांना पुरत नाही. प्रत्ययासह सिद्ध झालेली रूपेच नोंदवावी लागतात.

व्यवहारात ह्या श्रमाऐवजी ‘ठिकाण : धुळे’ अशी पळवाट काढता येते. ती व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण तीत वाक्यच उरत नाही, केवळ तक्ता उरतो. साच्यांचा पुनर्वापर त्याज्य नव्हे. पृष्ठाची मांडणी तुकड्यांनी जुळवावी. वाक्य मात्र अखंड ठेवावे. अन्यथा यंत्राच्या सोयीसाठी मराठी आपली विभक्ती गमावून बसेल, आणि तिच्या जागी आलेली चूक नित्य वाचनाने शुद्ध वाटू लागेल.