अज्ञान खातेदार

मराठी माणसाला टीका करायला आवडते, हे मी नव्याने सांगायला नको. नाटक पडो, पाऊस पडो की सरकार पडो, आपलं मत तयार असतं. पण हल्ली सगळ्यांत जास्त समीक्षा कशाची होते म्हणाल, तर ती कथा-कादंबऱ्यांची नव्हे. ती होते संगणकाच्या सुट्या भागांची. एक तरुण समीक्षक कॅमेऱ्यासमोर बसतो, चाकूने खोका उघडतो, आतली वस्तू सत्यनारायणाच्या प्रसादासारखी दोन्ही हातांवर घेतो आणि पुढची वीस मिनिटं तिचे गुणदोष सांगतो. गेल्या दिवाळीच्या आधी दोन महिने मी हे समीक्षावाङ्मय रोज रात्री जेवण झाल्यावर सेवन केलं. आज त्या समीक्षेची समीक्षा करायची आहे. समीक्षकांचा परतीचा समाचार घेणारं कोणीतरी हवंच.

निमित्त झालं आमच्या चिरंजीवांचं. अकरावीत आहेत. त्यांच्याकडे एक गेमिंग कॉम्प्युटर आहे. तो मूळ माझ्या धाकट्या भावाचा. पुण्याला इंजिनिअरिंगला असताना, जून २०१४ मध्ये त्याने पन्नास हजारांना तो 'अभ्यासासाठी' घेतला. पुढे नोकरी लागली आणि अभ्यास संपला, तेव्हा यंत्र धाराशिवला आमच्या घरी आलं. आत इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणि २०१४ सालचंच जीटीएक्स ७५० टीआय नावाचं ग्राफिक्स कार्ड. सुरू व्हायला इतका वेळ लागायचा, की बटण दाबून आमची ही चहा टाकायची आणि कप भरेपर्यंत पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत असायचं.

चिरंजीवांनी दिवाळीच्या ओवाळण्या, मामाने दिलेले, आजीने चोरून दिलेले असे बारा हजार रुपये साठवले होते. ते आमच्याच शाखेत, त्यांच्या बचत खात्यात. खातं अज्ञान मुलाचं, म्हणून पैसे काढायला पालक म्हणून सही माझी. कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांखालचा तो अज्ञान. प्रत्यक्षात या विषयातला अज्ञान कोण, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण तीन वर्षं साठवलेले पोराचे पैसे माझ्या सहीने चुकीच्या खोक्यात जाणार असतील, तर ती सही डोळे उघडे ठेवून करावी, एवढं ज्ञान मला नोकरीने दिलं आहे.

मी कॉमर्सचा पदवीधर. आधी घसारा काढला. पगारदाराला घरच्या यंत्राची अशी वजावट मिळत नाही, पण हाताला सवय. आयकराच्या हिशोबाने संगणकावर पहिली तीन वर्षं ६० टक्के, आणि २०१७-१८ पासून ४० टक्के. पन्नास हजारांच्या त्या यंत्राची ३१ मार्च २०२५ ची पुस्तकी किंमत आली ५३ रुपये ७५ पैसे.

"त्रेपन्न रुपयांच्या वस्तूवर बारा हजार खर्च करायचे?" मी विचारलं.

"बाबा, मग आजोबांच्या घड्याळाची किंमत काढा की," चिरंजीव म्हणाले. विषय तिथेच थांबला.

आता समीक्षेकडे येऊ. या समीक्षकांचा पहिला दोष असा, की ते उत्तर बरोबर देतात, पण प्रश्न आपला नसतो. ग्राफिक्स कार्डाची परीक्षा घ्यायची तर ते बाजारातला सगळ्यांत वेगवान प्रोसेसर जोडतात. हे योग्यच आहे. दुसरं काही आड येऊ नये म्हणजे कार्डाची खरी ताकद कळते. पण तो आलेख आपण आपल्या अकरा वर्षांच्या यंत्राला लावतो. बँकेत रोखपाल कितीही चपळ असो, अलीकडचा क्लार्क एकेक चलन डोळ्यांजवळ धरून वाचत असेल, तर रोखपालाने नुसती बोटं मोडत बसायचं. संगणकात प्रोसेसर हा तो क्लार्क आणि ग्राफिक्स कार्ड हा रोखपाल. आलेखातले सेकंदाला ८० फोटो आमच्या घरी ८० येणार नव्हते, हे मला कळलं ते केवळ मी स्वतः क्लार्क आहे म्हणून.

शिवाय आमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा. म्हणजे सेकंदाला साठ वेळाच चित्र बदलणार. कार्डाने दीडशे काढले, तरी दिसणार साठच. नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहाल पाहायला जाणाऱ्यांना हे लगेच पटेल. बोरी नदीला वर कितीही पाणी येवो, सांडव्यावरून उड्या घेणारे नर आणि मादी हे धबधबे दोनच.

दुसरा दोष वॅटांचा. आमच्या यंत्राच्या पॉवर सप्लायवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलं होतं. ते वाचून चिरंजीव निर्धास्त. मी मात्र कर्जाच्या कागदावरची बारीक अक्षरं वाचून चष्मा लागलेला माणूस. बाजूला टिकलीएवढा तक्ता होता. प्रोसेसर आणि कार्ड यांचा मुख्य भार ज्या १२ व्होल्टच्या वाटेवर असतो, तिथे लिहिलं होतं १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव! पगाराच्या पत्रकावरचा आकडा आणि हातात येणारा आकडा यांतला फरक मला कोणी शिकवायला नको. जोरकस कार्ड लावलं असतं, तर पोराचे बारा हजार आणि काकाचं यंत्र एकाच धुरात गेलं असतं. खोके उघडणाऱ्यांपैकी हा तक्ता दाखवणारे मला फार थोडे भेटले.

तिसरा दोष मार्गिकांचा. जानेवारी २०२२ मध्ये एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड आलं. नवं, म्हणून चिरंजीवांचा जीव त्यावर. पण ते मदरबोर्डाशी चारच मार्गिकांतून बोलतं. चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसवर त्या चारांतून सेकंदाला सुमारे ८ जीबी जातात. आमचा बोर्ड एच ८१ जातीचा, दुसऱ्या पिढीचा. त्यावर त्याच चारांतून सुमारे २ जीबी. आमच्याकडून जाणारा सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी आहे म्हणून गाड्या पळतात. बैलगाडीच्या वाटेला चार चाकोऱ्या पाडल्या तर तिचा महामार्ग होत नाही. त्यापेक्षा २०१९ सालचं जीटीएक्स १६५० आम्हाला बरं. सोळा मार्गिका, भूक ७५ वॅटची, आणि तेवढी वीज बोर्डाच्या खाचेतूनच मिळते. नवं ते सोनं, हा नियम सोन्यालासुद्धा लागू नाही; ते जुनंही चालतं.

चौथा दोष एका शब्दाचा : 'फ्यूचर प्रूफ'. भविष्याची हमी आमची बँकसुद्धा मुदत ठेवीवर, तीही मुदतीपुरतीच देते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दिवाळी आठवड्यावर असताना! घरगुती वापरासाठी नोंदणी केली, तर सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे कोअर प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढे, आमचा चौथा. म्हणजे घर भाड्याचं आहे आणि ते सोडायचं आहे. अशा घरात काय घ्यावं? जे उद्या टेंपोत टाकून नेता येईल ते. एसएसडी, पॉवर सप्लाय आणि कार्ड नव्या यंत्रात नेता येतात. प्रोसेसर भिंतीत गाडला जातो, आणि आमची डीडीआर-३ रॅम पुढच्या बोर्डाच्या खाचेत बसतच नाही. ही कसोटी मला एकाही समीक्षकाने पहिल्या पाच मिनिटांत सांगितली नाही, आणि पाच मिनिटांपुढे आमच्या हिला मालिका लावायची असते.

एका रविवारी बापलेक एसटीने तुळजापूरमार्गे सोलापूरला गेलो. दुकानदाराने यंत्राचं वय ऐकलं आणि सुतकात आल्यासारखा चेहरा केला. "साहेब, हे आता सोडून द्या की. नवीन घ्या. हप्ते पाडून देतो. लई पळतंय बघा." हप्ते पाडून द्यायचा माझाच धंदा असल्यामुळे मी बधलो नाही. जुनं कार्ड मात्र आम्ही अर्धा तास दुकानातच चालवून पाहिलं. पंखा ओरडतो का, पडद्यावर ठिपके उठतात का, हे चिरंजीव पाहत होते आणि मी दुकानदाराकडे पाहत होतो.

हिशोब असा : ५०० जीबीची एसएसडी २९०० रुपये, खऱ्या वॅटांचा पॉवर सप्लाय २७००, जुनं कार्ड ५५००, आणि आणखी ८ जीबी जुनी रॅम ८००. एकूण ११९००. उरलेल्या शंभरात बसस्थानकावर भजी आणि चहा. एसटीचं भाडं पालकाच्या खात्यातून.

परिणाम? सगळ्यांत मोठा फरक कार्डाने केला नाही, एसएसडीने केला. आता यंत्र वीस सेकंदांत उघडतं, त्यामुळे आमचा मधला चहा बंद झाला. ज्या खेळासाठी हे रामायण, तो आधी पंचविसावर कण्हत होता, तो आता पन्नासच्या आसपास चालतो. आलेखात ८० होते. क्लार्क जुना आहे, हे लक्षात ठेवून मी समाधानी आहे.

त्या रात्री चिरंजीव म्हणाले, "बाबा, बसा की, बघा तरी." अकरावीपर्यंत या खेळावर मी भरपूर टीका केली होती, बसून पाहिला मात्र कधी नव्हता. समीक्षेचा हा दोष कुणाच्या नावावर टाकायचा, हे वाचकांनी ठरवावं. मी तासभर बसलो. तो कोण, त्याला कोण मारतंय आणि का, ते कळलं नाही. पण चिरंजीव न थांबता सांगत होते, आणि इतकं सलग ते माझ्याशी दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच बोलत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीत व्यवस्थित जमाखर्च मांडून माझ्यासमोर तपासायला ठेवला. रॅमचे ८०० रुपये 'बुडीत' या सदराखाली होते. बरोबर होतं. सगळ्यांत शेवटी एक नोंद होती : 'बाबांचा सल्ला, दोन महिने : ० रुपये.'

ही किंमत आहे की मत, हे मी विचारलं नाही. पालक म्हणून खाली सही केली.